२,१४,७४,८३,६४७ : ट्विटरपासून विमानापर्यंत सगळ्यांना आडवा आलेला हा आकडा आहे तरी काय?

जून २००९ मध्ये ट्विटर वापरण्यासाठी बनवलेली काही थर्ड पार्टी ॲप्स अचानक बंद पडू लागली. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' या गाण्यामुळे यूट्यूबचा व्ह्यूज मोजणारा काउंटर जगभर चर्चेत आला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ विमानांची वीज ठरावीक दिवसांनी बंद करून पुन्हा सुरू करा, असा आदेश काढला. २०१७ मध्ये चेस डॉट कॉमवर बुद्धिबळ खेळणाऱ्यांचे जुने आयपॅड रुसले.

या चारही घटनांच्या मुळाशी एकच मर्यादा होती. ती मर्यादा म्हणजे २,१४,७४,८३,६४७ हा आकडा. अक्षरात लिहायचं तर २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७.

गंमत म्हणजे गणितज्ञांना हा आकडा कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. १८व्या शतकात एका जवळपास अंध झालेल्या गणितज्ञाने त्याचं एक गुपित सिद्ध केलं होतं. १९ जानेवारी २०३८ रोजी हाच आकडा पुन्हा एकदा जगाची परीक्षा घेणार आहे. त्याचीच ही गोष्ट.

हा आकडा येतो कुठून?

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, अशी प्रत्येक घरात दुप्पट. पहिल्या ३१ घरांतले दाणे एकत्र मोजले, तर ते बरोबर २,१४,७४,८३,६४७ भरतात. म्हणजे अर्धा पट भरायलाही अजून एक घर बाकी असतं.

गणिताच्या भाषेत हा आकडा म्हणजे '२ चा ३१ वा घात वजा १'. दोनला दोनने गुणत राहायचं, ३१ वेळा दोन घ्यायचे आणि आलेल्या २,१४,७४,८३,६४८ मधून एक कमी करायचा.

मग त्यात विशेष काय?

पहिलं वैशिष्ट्य म्हणजे ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला नि:शेष भाग जात नाही.

'दोनचा घात वजा एक' या रूपातल्या मूळ संख्यांना 'मर्सेन मूळ संख्या' म्हणतात. पॅरिसमध्ये राहणारे फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा संख्यांची एक यादी प्रसिद्ध केली होती. त्यांच्यावरून हे नाव पडलं.

सुरुवातीला हे प्रकरण सोपं वाटतं. २ चा २ रा घात वजा १ म्हणजे ३. तिसरा घात घेतला तर ७, पाचवा घेतला तर ३१, सातवा घेतला तर १२७. या सगळ्या मूळ संख्या आहेत आणि २, ३, ५, ७ हे घातांकही मूळ संख्याच आहेत. मग घातांक मूळ संख्या असला की उत्तरही मूळ संख्या येणार, असं वाटू लागतं. पण ११ वर हा नियम मोडतो. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

म्हणूनच पुढचा प्रत्येक घातांक स्वतंत्रपणे तपासावा लागतो. इटलीतल्या बोलोन्याचे गणितज्ञ पिएत्रो कातालदी यांनी १७ आणि १९ या घातांकांसाठी ही तपासणी पूर्ण केली होती. त्यापुढे २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांनाही मूळ संख्याच मिळते, असा दावा त्यांनी केला. या चारपैकी तीन दावे नंतर खोटे ठरले. फर्मा यांनी २३ आणि ३७ चा निकाल लावला, तर ऑयलर यांनी २९ चा. उरला तो ३१. तो खरा की खोटा, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं.

ऑयलर यांनी हे कसं सिद्ध केलं?

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले लेओनहार्ड ऑयलर तेव्हा रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये राहत होते. त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. तरीही गणिताचं काम थांबलं नव्हतं, ते तोंडी सांगत आणि इतर जण लिहून घेत. १७७२ मध्ये बर्नुली यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी कळवलं, की २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे.

एखादी संख्या मूळ आहे का, हे तपासायची साधी पद्धत म्हणजे तिला लहान संख्यांनी भागून बघणं. त्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंत गेलं तरी पुरतं. या आकड्याचं वर्गमूळ ४६,३४१ हून किंचित कमी आहे. म्हणजे ४६,३४० पर्यंत भागून पाहायचं. हातानं करायचं तर हे काम जीव काढणारं आहे.

ऑयलर यांनी इथे डोकं लढवलं. मर्सेन प्रकारच्या संख्येला कोणतीही मूळ संख्या भागू शकत नाही, ठरावीक साच्यातल्याच भागू शकतात. वरचं २०४७ चं उदाहरण बघा. तिथे घातांक ११ होता, त्याची दुप्पट २२. आता २३ म्हणजे २२ अधिक १ आणि ८९ म्हणजे २२ ची चौपट अधिक १. दोन्ही विभाजक २२ च्या पटीपेक्षा एकने जास्त आहेत. हा योगायोग नाही, नियम आहे.

३१ च्या बाबतीत दुप्पट होते ६२. म्हणजे विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. दुसरी अट अशी, की त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. २३ आणि ८९ याही अटीत बसतात. दोन्ही अटी एकत्र केल्या, की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात.

४६,३४० पर्यंत अशा संख्या किती? १ बाकी देणाऱ्या १८६ आणि ६३ बाकी देणाऱ्या १८७. त्यातली खुद्द ६३ मूळ संख्या नाही, म्हणून ती वगळायची. उरल्या ३७२. म्हणजे हजारो भागाकारांचं काम जास्तीत जास्त ३७२ भागाकारांवर आलं. त्यापैकी एकाही संख्येने नि:शेष भाग गेला नाही आणि निकाल लागला.

घातांकांच्या क्रमाने ही आठवी मर्सेन मूळ संख्या आहे. पुढची कित्येक दशकं ती माणसाला माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती.

परिपूर्ण संख्येशी काय नातं?

६ ला भाग जाणाऱ्या संख्या १, २ आणि ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. तसंच २८ चं: १, २, ४, ७ आणि १४ मिळून २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून एक परिपूर्ण संख्या तयार करता येते, हे युक्लिडच्या काळापासून माहीत आहे.

२,१४,७४,८३,६४७ ला २ च्या ३० व्या घाताने गुणलं, की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते.

इंग्लंडचे गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये आपल्या पुस्तकात या संख्येबद्दल एक भाकीत केलं. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडेल असं वाटत नाही, कारण या संख्या नुसत्याच नवलाच्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, मग कोण कशाला शोधत बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे भाकीत साफ चुकलं. लोक शोधत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या सापडली. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत आणि तिच्यापासूनही परिपूर्ण संख्या बनतेच.

कॉम्प्युटरमध्ये हा आकडा भिंत कसा झाला?

कॉम्प्युटर सगळे आकडे ० आणि १ वापरून लिहितो. अशा एका ० किंवा १ च्या जागेला 'बिट' म्हणतात. अनेक वर्षं पूर्णांक साठवण्यासाठी ३२ बिटची जागा देण्याची पद्धत रूढ होती. त्यातला एक बिट आकडा धन आहे की ऋण, हे कळण्यासाठी खर्च होतो. राहतात ३१ बिट. या ३१ जागांवर सगळीकडे १ लिहिला, की सर्वात मोठा आकडा तयार होतो. पटावरच्या ३१ घरांची बेरीज करावी, तसाच. म्हणून तो येतो २,१४,७४,८३,६४७.

आता यात एक मिळवला तर? जुन्या गाड्यांमध्ये किलोमीटर दाखवणारा आकडा ९९९९९ झाला, की पुढे ००००० यायचा. इथेही तसंच होतं, पण निकाल शून्याहून विचित्र असतो. एक मिळवल्यावर हातचा थेट चिन्हाच्या बिटवर जातो. मग बऱ्याच यंत्रणा तो आकडा उणे २,१४,७४,८३,६४८ असा वाचतात. म्हणजे दोन अब्जांच्या वर जमा असलेल्या खात्यात आणखी एक रुपया टाकावा आणि पासबुकात दोन अब्जांचं कर्ज दिसावं!

मूळ संख्या आहे म्हणूनच ती मर्यादा झाली का?

नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. ३२ बिट हा माणसांनी सोयीसाठी घेतलेला निर्णय होता. त्या निर्णयातून निघालेली मर्यादा मूळ संख्या निघाली, हा योगायोग.

शेजारच्या मर्यादा पाहिल्या की हे लक्षात येतं. ८ बिटची मर्यादा १२७, ती मूळ संख्या आहे. १६ बिटची मर्यादा ३२,७६७ मात्र ७ गुणिले ३१ गुणिले १५१ आहे. ६४ बिटची मर्यादाही मूळ संख्या नाही, तिला तर ७ ने दोनदा भाग जातो.

कोणाकोणाला फटका बसला?

*ट्विटर, २००९ :* प्रत्येक ट्विटला एक क्रमांक असतो. तो २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला आणि ३२ बिटमध्ये क्रमांक साठवणारी काही ॲप्स कोलमडली. नेटकऱ्यांनी या प्रसंगाला 'ट्विटपोकॅलिप्स' असं प्रलयाचं नाव दिलं.

*यूट्यूब, २०१४ :* कोरियन गायक साय यांचं 'गंगनम स्टाइल' या आकड्याच्या वेशीवर पोहोचलं. एखादा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला जाईल असं वाटलंच नव्हतं, असं यूट्यूबने गमतीने जाहीर केलं. काउंटर खरोखर बिघडला, असा अनेकांचा आजही समज आहे. प्रत्यक्षात इंजिनिअरांनी हे आधीच ओळखून काउंटर ६४ बिटवर नेला होता.

*बोइंग ७८७, २०१५ :* हे प्रकरण सर्वात गंभीर. विमानाच्या जनरेटरचं नियंत्रण करणाऱ्या युनिटमधला सॉफ्टवेअर काउंटर सलग २४८ दिवस वीज चालू राहिली, तर भरून जातो, असं प्रयोगशाळेतल्या चाचणीत आढळलं. चारही मुख्य युनिट एकाच वेळी सुरू केली असतील, तर ती एकाच वेळी बंद पडून विमानाचा एसी वीजपुरवठा उड्डाणातही जाऊ शकत होता. शंभर भागांतला एक सेकंद, असं मोजत गेलं, तर २,१४,७४,८३,६४७ चा आकडा गाठायला २४८.५५ दिवस लागतात. हिशेब अचूक जुळतो.

*चेस डॉट कॉम, २०१७ :* या साइटवरच्या डावांचा क्रमांक मर्यादेपलीकडे गेला आणि ३२ बिटच्या जुन्या आयपॅडवर ॲप चालेना.

*रुनस्केप :* या ऑनलाइन गेममध्ये एका ढिगात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ नाणी ठेवता येतात. गेम खेळणाऱ्या अनेकांची या आकड्याशी पहिली ओळख अशीच झाली.

भारतीय मोबाइल नंबर आणि हा आकडा

आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे ते संख्या म्हणून वाचले, तर सर्वात लहान नंबरसुद्धा ६०० कोटींच्या घरात जातो. ३२ बिटची मर्यादा २१४ कोटींवर संपते.

त्यामुळे एखाद्या नवख्या प्रोग्रामरने डेटाबेसमध्ये मोबाइल नंबरसाठी साध्या पूर्णांकाचा रकाना ठेवला, तर एकही नंबर त्यात मावत नाही. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये कडक तपासणी बंद ठेवली असेल, तर तो एरर देऊन थांबत नाही. मावेल तेवढी सर्वात मोठी संख्या लिहून मोकळा होतो. मग यादीतल्या प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे एकच नंबर दिसतो: २१४७४८३६४७. तोही दहा अंकी असल्याने वरवर पाहणाऱ्याला तो खराच फोन नंबर वाटतो. म्हणून फोन नंबर हा आकडा न मानता मजकूर म्हणून साठवावा, असं शिकवलं जातं. नाहीतरी फोन नंबरांची बेरीज कोण करतं?

१९ जानेवारी २०३८ ला काय होणार?

अनेक कॉम्प्युटर तारीख आणि वेळ ही सेकंदांची एक मोठी संख्या म्हणून लक्षात ठेवतात. ही मोजणी १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार सुरू होते. युनिक्स या प्रणालीतून ही पद्धत जगभर पसरली.

ही मोजणी ३२ बिटमध्ये ठेवली असेल, तर २,१४,७४,८३,६४७ वा सेकंद येतो १९ जानेवारी २०३८ रोजी. भारतात तेव्हा मंगळवारी सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होईल आणि दुरुस्त न केलेल्या यंत्रणेला वाटेल, की आज १३ डिसेंबर १९०१ आहे.

चुकीची तारीख दिसली तर एवढं काय बिघडतं? बरंच काही. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र वैध आहे का, व्याज किती दिवसांचं लावायचं, एखादं काम कधी सुरू करायचं, हे सगळं तारखेवर ठरतं. शिवाय पुढच्या तारखांचा हिशेब करणाऱ्या यंत्रणांना २०३८ ची वाट बघावी लागत नाही. आज वीस वर्षांचं गृहकर्ज काढलं, तर त्याचा शेवटचा हप्ता या तारखेच्या पलीकडेच पडतो.

मग घाबरायचं का?

सरसकट नाही. आजचे बहुतेक फोन आणि लॅपटॉप ६४ बिटचे आहेत आणि वेळही ६४ बिटमध्येच मोजतात. त्यांची मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ सेकंद, म्हणजे सुमारे २९२ अब्ज वर्षं. लिनक्सच्या २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून ३२ बिटच्या उपकरणांवरही वेळ ६४ बिटमध्ये मोजण्याची सोय झाली.

खरी काळजी आहे ती एकदा बसवून विसरून गेलेल्या यंत्रांची. कारखान्यातले कंट्रोलर, जुने राउटर, मीटर, इमारतींमधल्या नियंत्रण यंत्रणा. अशी उपकरणं वीस-पंचवीस वर्षं चालतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर सहसा कोणी बदलत नाही. जुन्या डेटाबेसचंही तसंच. मायएसक्यूएलमधल्या 'टाइमस्टॅम्प' प्रकारच्या रकान्यात याच क्षणापर्यंतच्या वेळा बसतात. तिथे दुरुस्ती आपोआप होत नाही, कोणीतरी शोधून ती करावी लागते.

आणि उपयोगाचं काय?

बार्लो यांनी या संख्येच्या कुळाला निरुपयोगी ठरवलं होतं. पण तिचं मूळ संख्या असणंही पुढे कामाला आलं. कॉम्प्युटरला फासा टाकल्यासारखे बेभरवशाचे आकडे हवे असतात, गेमसाठी किंवा प्रयोगांसाठी. त्याची एक सोपी पद्धत स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये किमान दर्जा म्हणून सुचवली. हातातल्या आकड्याला १६,८०७ ने गुणायचं, २,१४,७४,८३,६४७ ने भागायचं आणि उरलेली बाकी हा पुढचा आकडा. भाजक मूळ संख्या आहे आणि गुणक नीट निवडलेला आहे, म्हणून १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुन्हा सुरू होत नाही. पासवर्डसारख्या गुप्त कामांसाठी ही पद्धत चालत नाही, पण सी प्लस प्लस या भाषेत ती आजही आयती मिळते.

म्हणजे या एकाच आकड्याच्या दोन ओळखी आहेत. तो मूळ संख्या आहे, हे ऑयलर यांच्या आधीही खरं होतं आणि कॉम्प्युटर नसते तरी खरंच राहिलं असतं. तो मर्यादा आहे, हे मात्र माणसांनी ठरवलं. 'एवढे आकडे पुरतील' असं कधीतरी कोणाला वाटलं, म्हणून. पहिली ओळख कोणी बदलू शकत नाही. दुसरी बदलता येते आणि ते काम पूर्ण करायला १९ जानेवारी २०३८ च्या सकाळपर्यंत मुदत आहे.